झाकण उघडू नये

२० जुलै, शनिवार. संध्याकाळी सहा

आज राजेश्वरीचा वाढदिवस. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण बायकोला खरी उपयोगी भेट मी आज पहिल्यांदा दिली. स्लो कुकर. ऑनलाइन मागवला. साडेपाच लिटर, डिजिटल. सगळं सामान आत टाकायचं, बटण दाबायचं आणि विसरून जायचं. सहा-आठ तासांनी जेवण तयार. तिला नीट समजावून सांगितलं. तिने खोक्यावरून एकदा हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं. बायकांना आनंद व्यक्त करता येत नाही.

मग म्हणाली, ह्यात चिरून-निवडून टाकायचं कुणी? म्हटलं, तूच. पण एकदाच.

फौंड्रीतल्या सिक्युरिटी सुपरवायझरच्या नोकरीतून रिटायर होऊन वीस दिवस झाले. घरी बसल्यापासून स्वयंपाकघराला शिस्त लावायचं काम हाती घेतलंय. फ्रिजवर टाइमटेबल चिकटवलंय. दर शनिवारी डब्यांचं इन्स्पेक्शन. आज जिऱ्याच्या डब्यात ओवा सापडला. वाढदिवस असल्यामुळे जास्त बोललो नाही. दहा मिनिटंच.

२१ जुलै, रविवार

राजेश्वरी सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेली, उत्कर्षाकडे. मुलगी शाळेत शिकवते, जावई पोस्टिंगवर, तिला मदत लागत असणार. निघताना म्हणाली, आवं, मी दमलीया. म्हटलं, जा, चार दिवस राहून ये.

दोन बॅगा आणि कांदा-लसूण चटणीची बरणी नेली. उन्हाळ्यात केलेली, अख्ख्या वर्षाची. म्हटलं, उत्कर्षाकडे चटणी नाही का? म्हणाली, हाय की. तेवढ्यात गाडी सुटली.

बरणी स्टँडपर्यंत मीच उचलून नेली. पाठीत उसण भरली आहे.

२२ जुलै, सोमवार

चहा जमला. दूध उतू गेलं ते भांडं लहान असल्यामुळे.

संकल्प: ही परत येईपर्यंत स्वयंपाकघर पूर्ण ताब्यात घ्यायचं. मला नवीन नाही. फौजेत सप्लायला क्लार्क होतो. दोनशे माणसांचं जेवण माझ्या सहीने शिजायचं.

दुपारी ब्रेड. रात्री ब्रेड.

२३ जुलै, मंगळवार

शेजारची बयाबाई कुंपणावरून चौकशी करून गेली. मूळची जतकडची, कुपवाडात येऊन पंचवीस वर्षं झाली, पण अजून मागच्या प्लॉटात चार शेरडं बांधते. वैनी कवा येनार म्हणाली. म्हटलं, चार दिवसांत. काय काय नेलं म्हणाली. बरणीचं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. आरं द्येवा, वर्साची चटणी घिऊन गेलेली बाई चार दिसात येत न्हाई, म्हणाली.

अडाणी बाई. चटणीचा आणि रजेचा काय संबंध?

२४ जुलै, बुधवार

चाचणी क्रमांक एक. मटणाचा वार आहे तोवर करून टाकली.

मोबाइलवर एक गोरा माणूस बीफ स्ट्यू करून दाखवतो. जाड रस्सा, बटाटे, गाजर, मांसाचे मोठे तुकडे. माणूस एकदाही घामेजत नाही. बीफच्या जागी बोकडाचं मटण घ्यायचं ठरवलं. सेलरी म्हणून एक वस्तू लागते. गुंडा खाटकाला विचारलं. म्हणाला, सायेब, काळीज हाय, फुफ्फुस हाय, ते न्हाई. कोथिंबिरीचे देठ टाकले.

आठ तास. काम बरोबर चाललंय का हे बघायला दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून इन्स्पेक्शन केलं. आठ तासांनी बटाटा चमच्याला दाद देईना. मग पुस्तिका वाचली. लिहिलंय, झाकण उघडू नये, दर वेळी अर्धा तास वाया जातो. हिशेब केला. बत्तीस वेळा उघडलं, म्हणजे सोळा तास. म्हणजे सकाळी मी आत टाकलं त्यापेक्षाही मटण आठ तास मागे गेलं होतं.

पुस्तिका आधी वाचायला हवी, असं पुस्तिकेवर बाहेरून लिहायला हवं.

२५ जुलै, गुरुवार

गुरुवार असल्यामुळे मटणाला हात लावता येत नाही. पोहे केले. चिकटले. पोह्यांची क्वालिटी पूर्वीसारखी राहिली नाही.

राजेश्वरीला फोन केला. परत कधी येतेस म्हणून नाही, सहज. तिने पहिल्यांदा विचारलं, जेवला का? म्हटलं, उत्तम. स्ट्यूचं सांगितलं. म्हणाली, पातेल्यात टाका, तासाभरात व्हतंय. म्हटलं, त्यात सायन्स नाही.

मग ती जरा वेगळंच बोलली. म्हणाली, लग्नकार्य सोडलं तर बत्तीस वर्षांत दुसऱ्यानं रांधलेलं गरम ताट माझ्यासमोर आलं न्हाई. चार तारखेला आखाडातला शेवटचा रविवार हाय. मी येते. एक वेळचं जेवण तुमच्या हातचं, वेळेवर. मला उठायला लावायचं न्हाई. तेवढं जमलं तर राहते.

म्हणजे माझ्या हातचं खायची ओढ लागली आहे.

राहते म्हणाली. न राहायला काय झालंय?

२८ जुलै, रविवार

चाचणी क्रमांक दोन. झाकणाला हात लावला नाही. आठ तास बाहेरच्या खोलीत बसलो. मन घट्ट केलं.

मटण शिजलं! हाडापासून सुटलं. बयाबाईला वाटीभर नेऊन दिलं. तिने चाखलं, थोडा वेळ आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, आजारी मानसाला द्याया झ्याक हाय.

चवीत थोडी कमतरता आहे, मान्य. घरात चटणी नसल्याचा तो परिणाम. दुकानातला पुडीचा मसाला टाकला होता, त्याचा नुसता रंग लागला. राजेश्वरीला फोन करून चटणीचं प्रमाण विचारलं. म्हणाली, प्रमाण न्हाई, अंदाजानं. बत्तीस वर्षं एकच काम करायचं आणि साधं रजिस्टर ठेवायचं नाही.

शेवटी बयाबाईनेच तिच्या चटणीची वाटी दिली. म्हणाली, वैनीला आना परत. मला दुपारच्याला बोलाया कोन न्हाई.

३० जुलै, मंगळवार

दमलो.

आज फक्त भात-आमटी केली. भांडी निघाली अकरा. दोन माणसं जेवली असती तर समजू शकलो असतो. ओटा बुटका बांधलाय, कंबर धरते. हिने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच उंच करून घेतला असता.

(सांगितलं होतं. घर बांधलं तेव्हा, आणि नंतर एकदा. तेव्हा मी ड्यूटीवर असायचो.)

टाइमटेबलप्रमाणे चहा सहाला. आज पावणेआठला झाला. टाइमटेबल थोडं बदलायला हवं.

१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून पाऊस. कपडे वाळत नाहीत. बनियन गॅसजवळ वाळत घातला. आता एक बनियन कमी आहे.

रविवारचा प्लॅन तयार. कागदावर उतरवला. पाच वाजता गुंडाकडे रिपोर्ट. सातला कुकर सुरू, हाय वर, सहा तास. एक वाजता ताट. ही हॉलमध्ये सोफ्यावर बसेल. पाण्याचा तांब्यासुद्धा मी आणून देणार. तिला उठायची गरज पडणार नाही.

खरं सांगायचं तर घरात आवाज नाही. संध्याकाळी टीव्ही लावतो आणि कोण काय बोलतंय ते ऐकत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

डब्यांचं इन्स्पेक्शन. जिऱ्याच्या डब्यात ओवा अजून आहे. कुणाला बोलणार?

फरशी पुसली. सोफ्याचं कव्हर बदललं. उलटं बसलं, राहू दे. आतून जास्त स्वच्छ आहे.

उद्या ही राहणार. शंभर टक्के.

४ ऑगस्ट, रविवार. आखाडाचा शेवट

५.२० गुंडाच्या दुकानासमोर सगळं कुपवाड छत्र्या घेऊन उभं. उद्यापासून श्रावण, महिनाभर मटण बंद, म्हणून माणसं जन्मात न खाल्ल्यासारखी आली आहेत. माझा नंबर एक्केचाळिसावा.

७.०० मटण, बटाटे, गाजर, कांदे, बयाबाईची चटणी आत. हाय. सहा तास. झाकण बंद. सगळं मिनिटावर.

७.२५ लाइट गेली.

७.३१ आली. सहा मिनिटांचं काय एवढं?

७.३५ कुकरकडे पाठ करून खुर्ची टाकली, म्हणजे मोह नको. झाकण उघडू नये.

१०.४० राजेश्वरी आणि उत्कर्षा आल्या, उत्कर्षाच्या गाडीने. दोघी आधी बयाबाईकडे डोकावून आल्या. राजेश्वरीच्या हातात फक्त पर्स. कपड्यांची बॅगसुद्धा नाही. म्हणजे परत जायचं ठरवूनच आली की काय? विचारलं नाही. बस म्हटलं. सोफ्यावर बसली. पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. अशी हसल्याला फार दिवस झाले.

११.३० म्हणाली, वास येत न्हाई. म्हटलं, सीलबंद आहे, वास आतच राहतो.

१२.१५ उत्कर्षा म्हणाली, पप्पा, एकदा बघा तरी. तिला पुस्तिकेतली ओळ वाचून दाखवली. राजेश्वरी म्हणाली, बघू द्या की जरा, मी बसलीया न्हवं. नाही म्हणजे नाही. सहा तासांची मेहनत अर्ध्या तासासाठी घालवायची नाही.

१.०० झाकण उघडलं. पाणी गार. मटण जसं टाकलं तसं, वर गाजराचे तुकडे तरंगताहेत. पडद्यावर चार शून्यं लुकलुकताहेत. लाइट गेली की मशीन सगळं विसरतं, परत बटण दाबावं लागतं. पुस्तिकेत आहे, पान एकोणीस. मी पान बारापर्यंत आलो होतो.

१.०५ उत्कर्षा म्हणाली, प्रेशर कुकरला लावते, अर्ध्या तासात होईल. साफ नाही म्हटलं. पद्धत मोडायची नाही, आणि आज काम मी करतोय. पुन्हा बटण दाबलं. सहा तास. सातला तयार.

१.१० भुकेने सगळ्यांचेच चेहरे उतरलेले. प्रसंगावधान राखून मी म्हटलं, राजेश्वरी, तोपर्यंत पटकन पिठलं टाक.

ती माझ्याकडे बघत राहिली. उत्कर्षा म्हणाली, पप्पा. एवढंच. मग राजेश्वरी उठली, पदर खोचला आणि आत गेली. वीस मिनिटांत पिठलं, भाकरी, ठेचा. तिचा हात अजिबात मंदावलेला नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या. म्हटलंसुद्धा, बघ, बेसन आणि पीठ घरात होतं, याला प्लॅनिंग म्हणतात. ती सगळ्यांनंतर बसली. तोवर पिठलं गार झालं होतं.

३.३० ओटा पुसून निघाली. उत्कर्षाला उद्या शाळा आहे म्हणे. म्हटलं, सातला स्ट्यू होईल, थांब. म्हणाली, लय थांबले.

तांत्रिक अडचण वगळता दिवस सत्तर टक्के यशस्वी. जरा टेकतो.

५ ऑगस्ट, सोमवार. श्रावण

टेकलो तो सकाळी सहालाच उठलो. खुर्चीतच. मशीनने काम पुरं करून रात्रभर सगळं गरम ठेवलं होतं.

झाकण उघडलं. वास घरभर. रस्सा दाट, वर तवंग, मटण चमच्याने तुटतंय. व्हिडिओतल्या माणसाला जमलं नसेल असं. आणि बाहेर देवळात श्रावणी सोमवारची घंटा. चमचा तोंडापर्यंत नेला आणि धुवायला टाकला.

बयाबाईला विचारलं. तिचाही श्रावण. तिच्या कुत्र्यांना श्रावण नसतो. तिघांनी पाच मिनिटांत साडेपाच लिटरचं भांडं चाटून पुसून दिलं. एवढंच एक भांडं या पंधरा दिवसांत मला घासावं लागलं नाही.

कुत्री खात असताना बयाबाई म्हणाली, काल वैनीनं दोन पिशव्या माज्या भाईरच्या सोप्यात ठिवल्या व्हत्या. एकीत कापडं, एकीत चटणीची बरणी. म्हनली, राहू दे जरा, मग नेते घरात. साडेतीनला आली आन् पिशव्या उचलून गाडीत घातल्या. मी म्हनलं, आगं, का? तर माजा हात दाबला आन् गाडीत बसली.

म्हणजे बरणी साताऱ्याहून परत आली होती. माझ्या दारापासून वीस पावलांवर होती. एक वाजेपर्यंत तर नक्की होती. एक वाजून दहा मिनिटांनीही असेल.

मी काय बोललो ते परत परत आठवतोय. चार शब्द होते. वाईट काही बोललो नव्हतो. रोजचेच होते.

११.०० फ्रिजवरचं टाइमटेबल काढलं. महिनाभर आता शाकाहारीच, म्हणून पिठल्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. पाणी आधी की बेसन आधी, ते कळेना. साताऱ्याला राजेश्वरीच्या मोबाइलवर फोन केला. उत्कर्षाने उचलला. शाळेला सुट्टी टाकली म्हणाली. आई कुठे म्हटलं. म्हणाली, झोपलीय.

सकाळचे अकरा. बत्तीस वर्षांत दिवसा झोपलेली मी तिला एकदाही पाहिली नाही. बरं नाही का म्हटलं. बरी आहे म्हणाली, नुसती झोपलीय, काल आल्यापासून झोपलीच आहे. उठवू का?

नको म्हटलं.