बग्गीवरचा राजीनामा

जबलपूर, मंगळवार

ती. विभावरीआत्यास गुणवंतचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? पुण्यात जिने फार, आणि तू ऐकणारी नाहीस, तेव्हा काळजी घे असं नुसतं लिहून ठेवतो. इकडची खुशाली कळवायची म्हणजे कुंदा मजेत आहे, शकु बंगळुरूला मजेत आहे आणि माझं वाटोळं झालं आहे. चार वर्षांत पत्र नाही आणि आता हे रडगाणं, म्हणून रागावू नकोस. दुसऱ्या कोणाकडे रडावं तर त्याला आधी मराठी समजावून सांगावं लागतं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून शकुने आम्हा आईबापांना मॉरिशसला पाठवलं. तिसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात 'बग्गी सफर' असं छापलेलं होतं. आता बग्गी म्हटल्यावर मी काय समजणार? (आमच्या वरातीची बग्गी तूच ठरवली होतीस. घोडा अर्ध्या वाटेत बसला, पण ते जाऊ दे.) मी लग्नातला कोट घातला, कुंदा रेशमी साडी नेसली, आणि जाऊन बघतो तर चिखलाने माखलेली चार चाकं, दार नाही, काच नाही, डोक्यावर नुसत्या लोखंडी नळ्या. घोडा कुठे आहे, असं मी विचारलंसुद्धा. उसाच्या मळ्यातून चिखलात गाडी घालायची, हीच म्हणे सफर. सिहोऱ्याच्या गोदामावर पावसाळ्यात मी हे वर्षानुवर्षं फुकट करत आलो आहे.

बसण्याआधी त्यांनी कागद पुढे केला. हात मोडो, पाय मोडो, जीव जावो, आम्ही जबाबदार नाही. राजी असाल तर सही करा. मी सही केली आणि पटवर्धनसाहेबांना कळवलं. (हे आमच्या बियाण्यांच्या कंपनीचे नवे साहेब, तुझ्याच पुण्याचे. आयुष्यात प्रथमच मराठी साहेब मिळाला, म्हणून मी त्यांच्याशी चुकूनही हिंदी बोलत नाही.) सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि गाडीची लक्षणं काही ठीक दिसेनात, तेव्हा त्यांना आधीच सावध केलेलं बरं. निरोप असा होता: 'साहेब, आत्ताच राजीनामा सही करून दिला. कुंदाही राजी आहे. बरंवाईट झालं तर कोणाला दोष नाही.' लगेच उत्तर आलं: 'खेद वाटला, पण तुमच्या निर्णयाचा आदर करतो.' मी ते कुंदाला दोनदा वाचून दाखवलं. साधं बग्गीत बसायचं तर हा माणूस आदर करतो, म्हटलं.

चष्म्यावर त्यांचा गॉगल बसेना, म्हणून गाडी कुंदाने घेतली. जन्मात तिने लूनापलीकडे काही चालवलेलं नाही. पहिल्या चरात मी देवाचं नाव घेतलं, दुसऱ्यात तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ती म्हणाली, "बसा न चुपचाप. नळी काहून सोडून राहिले?" तिसऱ्या चरात माझ्या पुढच्या दोन दातांची कवळी उडाली ती मॉरिशसच्या मातीला मिळाली. कुंदाने आणखी एक फेरी मागून घेतली.

काल सोमवारी कामावर गेलो तर माझ्या खुर्चीवर तुळशीराम. माझ्या हाताखालचा माणूस, माझ्याच उशीला टेकून बसलेला. टेबलावर शाल आणि नारळ. साहेबांनी माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेवर भाषण केलं, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आत्या, आपल्या घरात राजी असल्याचं लिहून दिलं की तो राजीनामा. आजोबांची भाऊबंदकी कचेरीत मिटली तेव्हा 'राजीनामा झाला' म्हणून पेढे वाटले होते की नाही? नोकरी सोडतात ती इस्तीफा देऊन. पुण्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, हे चोपन्न वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. आणि समजवायला तोंड उघडलं तर दातांअभावी नुसती हवा. साहेबांना वाटलं मला गहिवरून आलं. तुळशीराम पाठीवर हात फिरवत म्हणाला, "भैया, काहून रडून राहिले? आम्ही आहो न."

निवृत्तीला चार वर्षं उरली होती. या वयात मला कोण ठेवून घेणार? काल रात्रभर डोळा लागला नाही. शकुला अजून सांगितलेलं नाही, कारण ती स्वतःला दोष देईल. आणि कुंदा शहपुऱ्याकडे कुठे शेतात तशी गाडी चालवायला मिळते का, याची चौकशी करते आहे.

तुझा हताश,
गुणवंत

ता. क. खरं काम राहिलंच. जबलपुरात राजीनामा म्हणजे संमती, असा दाखला तुझ्या सहीने लिहून पाठव. तू इथे जन्मलीस आणि पुण्यात चाळीस वर्षं मराठी शिकवलंस. दोन्ही अर्थ जाणणारं माणूस मला दुसरं ठाऊक नाही. शनिवारी माझे कागद मुख्य कचेरीत जातील. त्याआधी पोहोचेल असं बघ, हात जोडतो.

ता. क. दुसरा. नुसतं वाट बघत बसवेना, म्हणून आज सकाळी साहेबांना मी स्वतःच चिठ्ठी पाठवली. राजीनाम्याचा विषय मुद्दाम टाळला आणि मनातलं तेवढं लिहिलं: 'साहेब, तुम्ही आल्यापासून तुमच्यासारखं मराठी बोलायची मी रोज चेष्टा करतो. घरी कुंदालाही करायला लावतो.' (आधी 'कोशिश' लिहिलं होतं, पण ते हिंदी वाटलं म्हणून खोडलं.) चिठ्ठी लागू पडलेली दिसते. आत्ताच तुळशीरामचा फोन आला, साहेबांनी ताबडतोब बोलावलं आहे. कोट घालून निघतो. तेव्हा दाखल्याची आता घाई करू नकोस.