दुधाचा खांब आणि बिनदुधाचा खांब

परळ, मुंबई
एप्रिल १९५८, रविवार

आदरणीय बुधाजीदादा यांस,

उत्तमचा सविनय जय भीम. (तीर्थस्वरूप लिहायची हाताची खोड जात नाही, पण तीर्थं सोडून आता दीड वर्ष होत आलं, तेव्हा आदरणीयावरच भागवून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मी ठीक. कौसल्या तुमच्याकडे आल्यापासून भात मीच करतो आणि शेजारच्या राधाबाई तो बघून गुपचूप आपलं कालवण पाठवतात, यावरून भाताची कल्पना यावी.

कौसल्या निघताना एकच विचारून गेली, माझं पोर तुम्ही काट्यावर नेलंत ते कशाला. तेव्हा मी नुसतं तिचं बोचकं गाडीत चढवलं. तुम्ही तिचे थोरले भाऊ, म्हणून तुम्हाला सांगतो. आमच्या कचेरीनं दोन चाळींतली लहान पोरं वजनाला घेतली. एका चाळीला रोज दूध द्यायचं, दुसरीला नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा वजन करून कुठल्या चाळीची सरासरी किती वाढली ते ताडून बघायचं. दुधानं फरक पडलेला दिसला, तर दूध दोन्हीकडे सुरू होणार. (कुठल्या चाळीला आधी दूध, हे साहेबांनी नाणं उडवून ठरवलं. आमची चाळ हरली.)

परवा हिशेब झाला आणि वाढ दाखवणारा दोन खांबांचा तक्ता काढायचं काम माझ्याकडे आलं. रंगवायला घरी आणला, तर राधाबाई म्हणाल्या, या कुठल्या गिरणीच्या चिमण्या रे, आणि धूर कसा नाही. पण गंमत पुढेच आहे. दोन्ही खांब सारखेच उंच. साहेब (माटुंग्याचे, एरवी शांत माणूस) तक्ता उलटा धरून बघू लागले. आकडेमोडीच्या यंत्राचा दांडा आमचा कोंडीराम फिरवतो, म्हणून खापर त्याच्यावर. त्यानं यंत्राला तेल घातलं, ते माझ्या तक्त्यावर सांडलं आणि दुधाच्या खांबातून पलीकडचं टेबल दिसायला लागलं. त्यात खाली संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. तो ओरडतोय झालाच पाहिजे, आणि वर साहेब टेबलावर मूठ आपटतायत, फरक झालाच पाहिजे. शिपायाला वाटलं साहेब समितीत आले, त्यानं आनंदानं सगळ्यांना चहा आणला.

चूक मलाच सापडली, दादा. आमच्या चाळीतली पोरं फारशी वाढलीच नव्हती. पहिल्या वजनाला सगळ्यांत हलकी होती आपली बकुळा. मग गोवर आला, आणि दुसऱ्या वजनाला ती नव्हती. सगळ्यांत हलकं पोर गेलं, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर चढली. पोरीनं जाऊन चाळीचं वजन वाढवलं. साहेबांना हे सांगितलं तर त्यांनी तक्ता सुलटा करून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, उत्तम, ज्यांचं दोन्ही वेळा वजन झालं तीच पोरं धरायची, तिला पहिल्यातूनही काढावं लागेल. काढली. तिच्या नावावर रेघ मीच मारली. रेघ अगदी सरळ आली, त्याचंच मला रडू आलं. मग बिनदुधाचा खांब बुटका झाला, शेजारी दुधाचा उंच दिसू लागला, आणि उद्यापासून आमच्या चाळीत दूध येणार आहे.

तुमचा,
उत्तम

ता. क. हे पत्र कौसल्येला वाचून दाखवा, पण बकुळेचं तेवढं गाळा. मोर्चाचं सावकाश वाचा आणि ती हसली का ते कळवा.

ता. क. दुसरा. गाळू नका. तिनं विचारलं होतं, तिला कळू दे. हसली नाही तरी चालेल.

ता. क. तिसरा. आता राधाबाई येऊन गेल्या. त्यांच्या नातीला, चंपाला, दूध घ्यायला लहान पेला नाही, बकुळेचा मागत होत्या. तो फडताळात आहे तिथंच आहे. मी म्हटलं, कौसल्येला विचारल्याशिवाय मला देता येणार नाही. तेव्हा तिला म्हणावं, येऊन तूच काय ते सांग.