उपरण्याखालची अकरा मिनिटं

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

हसले! भर बाजारात, घोडेगावला, शेणाचिखलात उभी राहून एवढी हसले की राहीबाईनं माझा दंड धरला. तिला वाटलं मला चक्कर आली.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. शेजारची राहीबाई गाय विकायला निघाली होती, सोबतीला मी गेले. ह्यांचा आज डायलिसिसचा दिवस नव्हता म्हणून जमलं. तिथं दोन म्हातारे दलाल समोरासमोर उभे. एकाच्या हातावर उपरणं टाकलेलं, दुसऱ्याचा हात त्या उपरण्याखाली. तोंडानं गप्पा चालल्या होत्या पावसाच्या. आणि मधेच एकजण असा दचकला की कोणी चिमटाच काढला! मी विचारलं, हे काय चाललंय?

"सौदा चाललाय की," राहीबाई म्हणाली. "बोटं दाबून भाव सांगत्यात. दुसऱ्याला कळू न्हाई म्हनून वर कापड. आता कुनी करीत न्हाई, ह्येच दोन-चार म्हातारे ऱ्हायलेत. पन तुमाला म्हाईत न्हाई व्हय? तुमच्या मालकांनी तर बाजारावर पिक्चर काढला हुता!"

काढला होता. १९९७ साली. 'बैल पसंत आहे'. ह्यांचा पहिला आणि शेवटचा. त्यानंतर कोल्हारला परत येऊन आयुष्यभर लोकांच्या लग्नाचं शूटिंग केलं. पुण्याला पहिल्या खेळाला मी तिसऱ्या रांगेत बसले होते, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्यात एक अकरा मिनिटांचा सीन आहे — दोन माणसं हातावर उपरणं टाकून उभी आहेत आणि बोलताहेत. त्या सीनला मी जांभई दिली. हे कडेला उभे राहून लोकांचे चेहरे बघत होते. त्यांनी ती पाहिली.

आज कळलं ती दोन माणसं काय करत होती.


८ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांना मशीनवर बसवलं आणि बाहेरच्या बाकड्यावर मोबाईलवर पिक्चर लावला. मोनिकानं — आमच्या लेकीनं — मागे कधीतरी जुन्या सीडीवरून उतरवून दिला होता. उघडला मात्र आज.

बाजारात मुलीचा बाप मुलाच्या बापाला बैल विकतोय. आणि त्याच वेळी मुलीचं लग्नही जमवतोय. तोंडं लग्नाचं बोलतात, हात बैलाचं. तोंडानं सगळं साखरेत घोळलेलं — "आमची पोरगी स्वभावानं गरीब हो" — आणि खाली समोरच्यानं भाव पाडलाय, त्यामुळं हे म्हणताना बापाचा चेहरा आईवरून शिवी खाल्ल्यासारखा! समोरचा "आम्हाला हुंडा नको, माणसं पाहिजेत" म्हणतो आणि कपाळावर घाम. अकरा मिनिटं! हात एकदाही दिसत नाहीत. मागे बैलगाडीत मुलगी बसलेली. ती दलालाचीच पोर, तिला बापाच्या नुसत्या खांद्यावरून भाव कळतोय. ती पदरात तोंड खुपसते. नवऱ्याकडचे म्हणतात, पोरगी लाजाळू आहे.

मीही तिला अठ्ठावीस वर्षं लाजाळूच समजत होते!

एवढी हसले की सिस्टर बाहेर डोकावल्या. त्या बाकड्यावर कोणी हसत नाही.


९ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. न राहवून सांगितलं की मला तो सीन कळला, मी हसले.

हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. वळले नाहीत. "आता?" म्हणाले. मग, "आजारी माणसाला बरं वाटावं म्हनून कुनी पन हसतं, जया."

मी ताटं उचलली.


११ नोव्हेंबर, मंगळवार

आज डॉक्टरांसमोर म्हणाले, हा महिना बसतो. डिसेंबरपासून नाही. बास झालं.

मला वाटलं रागानं बोलले. गाडीत विचारलं. अंगद — राहीबाईचा मुलगा, तोच दर वेळी आम्हाला गाडीनं नेतो — तोही आरशात बघायला लागला. हे शांतपणे म्हणाले, "मंगळवार, गुरुवार, शनिवार. रगत बाहेर काढायचं, परत आत घालायचं. कशासाठी? काय ऱ्हायलंय माझं करायचं?"

माझ्यासाठी, असं म्हणायला पाहिजे होतं. जिभेवर आलंच नाही. एवढी वर्षं मी ह्या माणसाच्या एकुलत्या एका कामाला जांभई देऊन बसले, आता कोणत्या तोंडानं म्हणू?


१३ नोव्हेंबर, गुरुवार

पेपरात बातमी. नगरला एका फिल्म क्लबचा महोत्सव आहे, विस्मरणात गेलेले मराठी विनोदी चित्रपट. चित्रपट आणि 'हा का दाखवावा' याबद्दल एक पान पाठवा. मुदत सोळापर्यंत.

पाठवणार. ह्यांना न सांगता. नगरला भरलेल्या थिएटरात लोक हसले आणि ह्यांनी कडेला उभं राहून ते बघितलं, तर डिसेंबरचं विसरतील. एवढं कळतंय मला. बाकी काही कळत नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार

बाकड्यावर बसून चौथ्यांदा लिहिलं. शाळेत मुलांना निबंध शिकवते आणि स्वतःला एक पान जमेना!

पहिल्यांदा लिहिलं, 'ग्रामीण जीवनाचे यथार्थ दर्शन घडवणारा'. खोडलं. असं लिहिलं तर मीसुद्धा बघायला जाणार नाही.

शेवटी सरळ लिहिलं. त्या वर्षी सगळ्या विनोदी पिक्चरांत कोणी ना कोणी साडी नेसत होतं, पायऱ्यांवरून गडगडत होतं. ह्यात कोणी पडत नाही. दोन वयस्कर माणसं उभी आहेत, बस. विनोद झाकलेला आहे आणि तो शोधायचं काम प्रेक्षकाचं. निर्माता म्हणाला होता, एकदा तरी हात दाखवा, शहरातल्या लोकांना कळणार नाही. हे म्हणाले होते, उघड्या हातानं कोन सौदा करतं? आणि हे कुनाला म्हाईत नसतं? चूक तिथंच झाली. कोल्हारच्या माणसाला वाटलं, अख्ख्या महाराष्ट्राला उपरण्याखालचं ठाऊक आहे! पुण्यात तीन दिवस चालला. आपल्या जिल्ह्यात आलाच नाही. ज्यांना कळला असता त्यांना कधी दिसला नाही, आणि ज्यांना दिसला त्यांनी जांभया दिल्या.

'जांभया' खोडून 'दाद दिली नाही' केलं. पाठवलं.


१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना दिवसाला तीनच फुलपात्रं पाणी चालतं. आज तिसरं दुपारीच संपलं. रात्री बर्फाचा खडा चोखत छताकडं बघत होते.


२० नोव्हेंबर, गुरुवार

उत्तर आलं. व्हॉट्सॲपवर, चार ओळी. प्रयत्न प्रामाणिक आहे, पण विनोद आजच्या प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. मधला भाग रेंगाळतो. शुभेच्छा.

मधला भाग म्हणजे तीच अकरा मिनिटं.

शुभेच्छा कशाच्या?


२३ नोव्हेंबर, रविवार

मोनिका आली. बापाचे पाय चेपत बसली, डोळे पुसत. "बाबांना समजाव ना तू." जशी काही मी झोपा काढतेय!

दुपारी तिला तो सीन दाखवला. आधी बोटांचं सगळं नीट समजावलं, फळ्यावर समजावतात तसं. तिनं पाहिला. योग्य जागी हसलीही. औषध घेतात तशी. मग म्हणाली, "छान आहे गं आई. थोडा स्लो आहे."

तिचा दोष नाही. मीही तिच्यासारखीच बाजार न पाहिलेली, संगमनेरच्या शाळामास्तराची पोर, मला तरी कुठं कळला होता? पण संध्याकाळी ती गेल्यावर वाटलं, संपलं. हा पिक्चर कळणारी माणसं एक तर मेली, नाहीतर बाजारात जायची थांबली. मी एकटी उरले आणि माझं हसणं ह्यांच्या लेखी दया.


२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचं, म्हणाले. सिस्टरांना पेढे द्यायला लावले मला! त्या बिचाऱ्यांना कळेना घ्यावेत का.


२ डिसेंबर, मंगळवार

गेले नाहीत. अंगद दारात गाडी घेऊन तासभर थांबला.


४ डिसेंबर, गुरुवार

गेले नाहीत.

पाय घड्यासारखे सुजलेत. दाबलं की खळगा पडतो आणि भरून येत नाही. आडवं पडलं की धाप लागते म्हणून उशा लावून बसवलंय. दवाखान्यातून फोन आला, ह्यांनी स्वतः घेतला. "न्हाई डॉक्टर, शुद्धीवर हाय मी. लिहून देतो." मी ओरडले, रडले, शिव्या दिल्या. शेजारपाजारी ऐकतील याची लाज सोडली. हे म्हणाले, "जया, ओरडू नको. घसा बसंल, शाळेत शिकवायचंय तुला."

राग आला, इतका राग आला ह्या माणसाचा! मरतानासुद्धा शहाणपणा.


५ डिसेंबर, शुक्रवार

ह्यांच्याजवळ राहीबाईला बसवलं आणि मी घोडेगावला गेले. नवऱ्याला अशा अवस्थेत टाकून बायको बाजारात, गाव काय म्हणायचं ते म्हणो. घरात बसून त्या पायांकडं बघवेना. एक माणूस पाहिजे होता. एक, ज्याला न समजावता कळेल.

चहाच्या हॉटेलात शाळेचा टॅब आणि स्पीकर मांडून बसले. तासभर कोणी ढुंकून बघितलं नाही. दोन पोरं आली, "मावशी, कशाची जाहिरात?" म्हणाली. अर्धं मिनिट बघून गेली. सौदेसुद्धा आता उघड चालतात, मोबाईलवर आकडा काढून समोर धरतात. मी टॅब पिशवीत घालायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावरचा म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो. ही आपली वडाखालची जागा हाय ना?" छगन नाव. पंचाहत्तरीचा, उभा जन्म दलालीत गेलेला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी एक अक्षर बोलले नाही. ओठ दातांखाली धरून बसले.

मुलीचा बाप म्हणाला, "पोरगी गरीब हो." छगनराव खुदकन हसले. "दोन पाडले!" मग मांडीवर थाप. "आरं, ह्यो लई चेंगट हाय, रुपाया सोडंना! बगा, बगा, त्वांड बगा त्याचं!" आणखी दोन म्हातारे आले. मग चौघं. मग हॉटेलवाला गिऱ्हाईक सोडून आला. "आता अंगठा दाबला त्यानं!" "न्हाई, मधलं बोट, खांदा बग की!" भांडायला लागले! न दिसणाऱ्या हातांवरून! आणि गाडीतल्या पोरीनं पदरात तोंड खुपसलं तेव्हा जो हशा उठला, बाहेर बांधलेल्या म्हशी बिथरल्या. छगनराव डोळे पुसत म्हणाले, "पोरीला समदं कळतंय! बापाच्या वर हाय!"

मी मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. मी हसत होते का रडत होते, सांगता येत नाही.

घरी आले तर दिवे लागले होते. राहीबाई गेली. ह्यांच्या कानाशी फोन धरला. डोळे मिटून ऐकत होते. पिक्चरचा आवाज मागे बारीक, पुढं म्हाताऱ्यांचा धिंगाणा. मोठा हशा आला तसे डोळे उघडले.

"थांब. मागं घे."

घेतलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मी वाट बघत होते, आता डोळ्यांत पाणी येईल, आता माझा हात धरतील.

"पोरगी हसती तिथं मी लगेच कट मारलाय," म्हणाले. "हशा फुडच्या वाक्यावर पडतोय. वाक्य ऐकूच येत न्हाई कुनाला." धाप लागली. थांबले. "चार सेकंद पाहिजे हुते तिथं. हशाला जागाच ठेवली न्हाई मी. कुनी हसंल असं वाटलंच नव्हतं मला."

म्हणजे फिल्म कापतानाच वाटलं नव्हतं. पुण्याच्या खेळाच्या आधी! मी त्या खुर्चीत बसायच्याही आधी!

मी फोन खाली ठेवला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. एवढी वर्षं ती एक जांभई मी उरावर घेऊन फिरले. आणि ह्या माणसाचा स्वतःचाच स्वतःच्या पिक्चरवर भरवसा नव्हता! आत जाऊन हे तोंडावर म्हणायचं होतं. गेले तर झोप लागली होती, बसल्या बसल्या. श्वास मोजत जागी आहे.


६ डिसेंबर, शनिवार

पहाटे डोळा लागला तो साडेसहाला उघडला. पलंग रिकामा! धावले तर हे दाराशी, भिंतीला धरून. चपला सुजलेल्या पायांत जात नव्हत्या म्हणून टाचा बाहेर.

"तिथं बैल टाकू," म्हणाले. "नुसता रवंथ करताना. चार सेकंद. पन बाजारातच घ्यावा लागंल, उजेड तसा पाहिजे."

मी त्यांचा दंड धरला.

"शनिवार, मंगळवार, गुरुवार. तीनदा मशीनवर बसलो की बाजाराचा शुक्रवार येतोय. अंगदला गाडी काढायला सांग."