डावखुऱ्यांची खुर्ची

मंगळवार, ८ जुलै

विद्यापीठातल्या खोली नंबर सातमध्ये एकवीस खुर्च्या आहेत. वीस उजव्यांच्या. एक डावखुऱ्यांची – लिहायची फळी डाव्या बाजूला असलेली. आणि आमच्या इंग्रजीच्या वर्गात डावखुरं माणूस एकच – मी! पाचवीतल्या पोरालाही हे गणित सुटेल. पण नाही. त्या खुर्चीवर खंडेराव नावाचा एक उजवा गृहस्थ अंगाचा पिळा करून, हात पोटावरून आडवा नेऊन लिहीत बसला होता. मी दीड तास वही मांडीवर घेतली. या अन्यायाची कुठंतरी लेखी नोंद हवी, म्हणून ही रोजनिशी.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी मोठ्या मनानं सोडून दिलं असतं. (नसतं.) योगिनी मॅडम म्हणाल्या, एकेकानं उठून ओळख करून द्या. मॅडमचं वय सत्तावीस, माझ्या भाचीहून लहान. मी उठले. नाव सांगितलं. दर गुरुवारी पेपरात 'टाचणी' हे विनोदी सदर लिहिते, हेही सांगितलं. पुढचं वाक्य – गेलं! घरून पाठ करून आणलेलं, आख्खं गेलं. मिनिटभर वर्गात फक्त पंखा बोलत होता. आणि त्या शांततेत एकच माणूस हसला. मोठ्यानं. खिशातली बॅटरी हलेपर्यंत. (वर्गात चार ट्यूबलाइट असताना हा गृहस्थ शर्टाच्या खिशात बॅटरी घेऊन येतो. तिला लाल दोरा!)

बावीस वर्षं मी या शहराला हसवतेय. माझ्यावर हसायचा परवाना अजून कुणाला दिलेला नाही. खंडेराव, तुम्ही यादीत आलात.

बुधवार, ९ जुलै

शेजारच्या वच्छलाबाई: "एक्कावन्नाव्या वर्षी इंग्रजी? आता कुठं जायचंय तुम्हाला?"

कुठंही नाही. डिसेंबरात एका इंग्रजी पेपरच्या बातमीदारानं फोनवर मुलाखत घेतली. मी प्रत्येक प्रश्नाला "यस, यस" म्हणत गेले. छापून आलं – ज्येष्ठ विनोदी लेखिका लेखन थांबवणार. अकरा वाचकांनी अभिनंदनाचे फोन केले. अकरा!

प्रवेश परीक्षेत लेखीला वर्गात पहिली आले, म्हणून वरच्या पातळीत बसवलंय. वाचलेलं सगळं कळतं. तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ.

शनिवार, १९ जुलै

चाळीस मिनिटं आधी गेले. त्यानं ती खुर्ची दाराजवळ ओढून घेतली होती आणि तिच्यावर बसून डबा खात होता.

शनिवार, २ ऑगस्ट

कँटीनमध्ये स्वतःच येऊन समोर बसला. फर्दापूरचा. पंचवीस वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत गाइड. वर्गाच्या दिवशी इथं शहरात, पडेगावला बहिणीकडं उतरतो. इंग्रजी शिकला गोऱ्या पाहुण्यांकडून, ऐकून ऐकून. व्याकरणाशी ओळख नाही, पण बोलणं नळासारखं – तोटी सोडली की बादली भरलीच!

"लई टेन्शन हाय, ताई. टूर कंपनीवाले म्हनले सर्टिफिकेट आना, नायतर दिवाळीच्या सीझनला दुसरा मानूस बघतो. समदं घर त्या सीझनवर चालतं बगा."

मी मान हलवली. चेहऱ्यावर सहानुभूती. पोटात खुर्ची.

"तुम्ही त्या खुर्चीवर का बसता?"

"बसायला बरी वाटती." चहाचा घोट. "तुमाला पाह्यजे का? मागा की! इंग्रजीत मागा, लगेच देतो."

आणि हसला. तेच हसू!

मेले तरी मागणार नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

देव आहे.

आज सगळ्यांची पाच-पाच मिनिटांची भाषणं. आमच्या वर्गाची एक रीत आहे: शंभरातले वीस मार्क सोबतच्या विद्यार्थ्यानं द्यायचे. कुणी कुणाला, ते चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीवर स्वतःचं नाव नाही, नुसते मार्क आणि शेरा. "मनापासून लिहा," म्हणाल्या योगिनी मॅडम.

मी चिठ्ठी उचलली – खंडेराव!

तो लेण्यातल्या चित्रांवर बोलला. अंधारात बॅटरी कुठून धरली की रंग दिसतो, कुठून धरली की नुसती भिंत. चांगला बोलला. वाईट वाटावं इतका चांगला.

वीसपैकी चार दिले. शेरा: बोलतो खूप, सांगत काहीच नाही.

मनापासून लिहिलं, मॅडम.

मंगळवार, २६ ऑगस्ट

शेरे वाचून दाखवले. त्याचा आला तेव्हा तो हसला नाही. "कुनी लिवलं?" एवढंच म्हणाला, कुणाकडंच न बघता.

घरी येऊन आमरसाची बरणी उघडली, वर्षातली शेवटची. आंबट झाला होता. तरी खाल्ला.

रविवार, ७ सप्टेंबर

सदरातल्या निवडक लेखांचं पुस्तक करायचंय म्हणून कात्रणांची पेटी काढली. अकरा वर्षांपूर्वीचं एक सापडलं. मथळा – 'बत्तीवाले मामा'. अजिंठ्याच्या सहलीतला गाइड, त्याची इंग्रजी जशीच्या तशी देवनागरीत उतरवलेली. प्रत्येक चित्रासमोर तेच एक वाक्य. त्या लेखाला आलेली पत्रं अजून ठेवलीत मी. शाळांच्या स्नेहसंमेलनात त्याची नक्कल व्हायची.

तिसऱ्या परिच्छेदात माझ्याच हातचं वाक्य: "मामांच्या बत्तीला लाल दोरा होता, बहुधा भाषेची दृष्ट लागू नये म्हणून."

म्हणजे पहिल्या दिवशी तो नुसता माझ्या गप्प होण्यावर हसला नव्हता. सदराचं नाव ऐकून त्यानं मला ओळखलं होतं. ती बाई! आणि तिचंच तोंड बंद! मी असते तर खुर्चीवर उभी राहून हसले असते.

हे सगळं खरं. तरीही खुर्ची माझीच आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

तोंडी परीक्षा जोडीनं. चिठ्ठ्या टाकल्या. माझा जोडीदार – लिहायलाच हवं का?

मंगळवार, १६ सप्टेंबर

दोघांना मिळून आठ मिनिटं. बाहेरून आलेले परीक्षक. विषय: इथली कुठली गोष्ट तुम्ही बदलाल? सुरुवात मी करायची.

गेलं! सगळं गेलं. परत तोच पंखा.

त्याला काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं, अकरा वर्षांचा हिशेब पुरा. पण तो माझ्याकडं वळला आणि इंग्रजीत, पाहुण्यांना पायऱ्या सांभाळून उतरवावं तसं हळू म्हणाला – घाई नको, ताई. खुर्चीबद्दल सांगा.

आणि मी सुटले! वीस उजव्या, एक डावी, तिच्यावर बसलेला हा माणूस, माझी मांडी, माझी वही, इंग्रजीत मागा म्हणतो म्हणजे काय! चुका झाल्या असतील, पर्वा कुणाला! परीक्षक डोळे पुसत हसत होते. इंग्रजीत मी पहिल्यांदा कुणाला हसवलं – आणि तेही त्याच्यावर.

घंटा झाली तेव्हा त्याच्या वाट्याला दीड मिनिट आलं होतं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "राग आला की लई ब्येस बोलता तुमी. लिवता बी तसंच."

 

मंगळवार, २३ सप्टेंबर

निकाल. मी पास, एकाहत्तर.

पास व्हायला पन्नास लागतात. खंडेराव – सत्तेचाळीस.

त्यानं यादी वाचली. मग खिशातली बॅटरी काढली, दोरा नीट बांधला आणि परत ठेवली.

बुधवार, २४ सप्टेंबर

योगिनी मॅडमना इंग्रजीत अर्ज दिला. वर्ग रिकामा होता, त्या खुर्चीवर बसून लिहिला. ते चार मार्क मी दिलेले, रागाचे, भाषणाचे नव्हते; ती चिठ्ठी रद्द करा, भाषण पुन्हा कुणाकडून तरी तपासून घ्या. या माणसाला मी पूर्वीही एकदा असेच मार्क दिले आहेत, छापून. तो लेख पुस्तकातून काढते आहे. खाली सही. त्याला कळवू नये, ही विनंती.

निघताना खुर्ची पुसली आणि दाराजवळ, तो ठेवतो तिथं, ठेवून आले.