घोडी दोन पावलं मागे सरली

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा एका पायावर उभं राहून नमस्कार. (दुसरा सुजला आहे, खुलासा पुढे.) मामींच्या कंबरेला आराम पडला का?

मामा, गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासातला घोडी माझ्या डाव्या पायावर उभी राहिली आणि माझं आयुष्य पालटलं. नुसती उभी राहिली नाही, तिथे उभं राहून तिने निवांत जांभईसुद्धा दिली.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून पागेत मला महिनाभर ठेवून घेतलं. अट एकच. महिना संपताना घोडीला सैल दोरीवर, तिने मला न रेटता, अंगणभर चालवून दाखवायचं. नाही जमलं तर घरी. घरी म्हणजे बाबांसमोर, ज्यांच्या तोंडावर मी कॉलेज सोडल्याच्या दिवशी दार आपटलं होतं. (आधी प्राचार्यांचं आपटलं, मग घरचं, त्या दिवशी हात बसला होता.)

घोडी मला खुंटी समजायची. पाठीला डोकं घासायची, खांद्याने ढकलायची, खिशातलं गाजर खिशासकट काढायची. मी ओरडून दोरी खेचायचो, की ती माझ्या सातपट वजनाने उलटी खेचायची. त्यात कुंपणावर नालबंदाची मुलगी बसलेली. बापाबरोबर नाल ठोकायला येते (स्वतः ठोकते, मामा! घोड्याचा पाय मांडीत धरून! तेव्हापासून मला जेवण जात नाही). ती बघतेय म्हणून मी आणखी ओरडायचो. एकदा म्हणाली, "अहो, तुमच्यात कोण कोणाला शिकवतंय?" मी तिच्याशी तीन दिवस बोललो नाही. तिला ते कळलंही नाही.

पायाचं झालं तेव्हा उस्ताद धावत आले. हे पागेतले थोरले, दिवसाला वीसच शब्द बोलतात. मला वाटलं, घोडीला झापतील. त्यांनी मलाच विचारलं, "ती अंगावर आली की तू काय करतोस?" मागे सरतो, म्हटलं. "रोज?" रोज. "मग शिकवणीला तूच आहेस. तीन आठवड्यांत तिने तुला मागे सरायला शिकवलं." मग दुसऱ्या दिवशीचे शब्दही तिथेच खर्चून त्यांनी सांगितलं, की पाय रोवून उभा राहा, दोरी हलव, आणि तिने पाऊल मागे घेतलं की त्याच क्षणी थांब. हात सैल, तोंड बंद. आपण थांबणं हेच तिचं बक्षीस.

थांबणं, मामा! हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. (बाबांनी सांगितलं असेल. मी ओरडत होतो.) मी दोरी हलवली. घोडीने आधी एक कान वळवला, मग जड मनाने एक पाऊल मागे घेतलं. मी हात सैल सोडला. तिने सुस्कारा टाकून ओठ चाटले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पायामुळे असंही म्हणता येईल.

काल परीक्षा झाली. मी लंगडत पुढे, ती मागे, मध्ये सैल दोरी. अर्ध्या अंगणात ती सवयीने रेटायला आली. मी हललो नाही. ती दोन पावलं मागे सरली. उस्ताद म्हणाले, "राहा." एवढंच. आणि नालबंदाची मुलगी म्हणाली, "आज घसा बसलाय का तुमचा?" पण हसत म्हणाली.

मामा, घरातल्या सगळ्यांनी माझ्या बाबतीत हात झटकले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी कोणापुढे तरी तोंड उघडलंत. हे मी विसरणार नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. घोडीला आता माझा फार आदर वाटतो असं समजू नका. या कागदाचा खालचा कोपरा तिनेच खाल्ला आहे.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की रविवारी मी घरी येतोय, बाबांना घराबाहेर पडू देऊ नका. माझ्या वतीने माफी मागू नका, ती मी मागेन. ते बोलतील तेवढं पाय रोवून ऐकून घेईन. (दोरी आणणार नाही.)

ता. क. तिसरा. ती बाहेर आली आहे. मुलगी. घोडी इथेच आहे, तिच्याच ठाणावर बसून हे लिहिलं, आणि ती आता उभ्या उभ्या डुलक्या घेतेय. तेव्हा निघतो, आणि पागेचं दार लावून घेतो. हळूच. आपटलं की ती दचकते.