रुसव्याची मोटरसायकल

धंतोली, नागपूर
२० एप्रिल १९७९

चि. वसंत यास,

मधुकररावाचे जबलपूरपर्यंत पुरतील एवढे आशीर्वाद. तुझी, सौ. जयवंताची अन् लेकरांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इकडं तुझी बहीण बरी आहे. माझं मात्र पित्त खवळलं आहे. डॉक्टर म्हणे, ताक प्या. अरे, ताकानं पित्त जाते, डुप्लिकेट माल जाते काय? लोटाभर ताक पिऊन हे पत्र लिहून राहिलो, तरी टाक कागदात रुतून राहिला. अक्षर वाचता नाही आलं तं समजून घे, की त्या ठिकाणी मी शिवी गाळली आहे.

आमच्या तारेचं लग्न कोराडीच्या देवाजींच्या ओमप्रकाशसंगं पक्कं झालं हे तुले कळवलंच होतं. पोट्टा तिथल्या वीज केंद्रात ज्युनिअर इंजिनिअर आहे, कॉलनीत क्वार्टर आहे, पान नाही, तंबाखू नाही. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. तं साक्षगंधाच्या दिवशी देवाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आम्हाले हुंडा नको, घड्याळ नको, सूट नको. पोट्टा फक्त रुसव्यात तुमची ती जुनी मोटरसायकल मागणार आहे. चालू हालतीत. म्हणजे लग्नाच्या पंगतीवर तो हात आखडून बसणार, आपण गाडी मांडवासमोर आणायची, एका किकेत सुरू करायची, मोठा दिवा लावायचा, मग नवरदेव पहिला घास घेणार. अरे, जवायाचा रुसवा काय असा महिनाभर आधी कळवून येते? रुसवा कसा, ताट वाढलं की आतून उसळला पाहिजे! (माझा तसाच होता. हीच मोटरसायकल मी सत्तावन्न साली तुझ्या वडिलांकडून रुसून घेतली ते सर्वांच्या ध्यानात आहे, पण मी लोभानं रुसलो नव्हतो, तत्त्वासाठी रुसलो होतो. कोणतं तत्त्व ते आता आठवत नाही, पण होतं.) आजकालच्या पोट्ट्यांमध्ये तत्त्व नाही, नुसता लोभ आहे. तरी मी हाव म्हणून मान हलवली. पोरीचा बाप दुसरं काय हलवणार?

आता गाडीचं ऐक. याच गाडीवर मी पाटबंधारे खात्याचे सगळे कालवे फिरलो. इंजिनाबद्दल आजही ब्र काढायची सोय नाही. पण विजेचं सामान एकेक करून राम म्हणून राहिलं. आधी दिव्याचा बल्ब गेला. बर्डीवरच्या बाजारात एका दुकानात गेलो. मालकानं खोकं काढलं, त्यावर इंग्लंडचा शिक्का. मी बोट लावलं तं शिक्का बोटाले आला. तरी म्हणे, असली है साहब, कल ही जहाज से उतरा है! मी म्हटलं, नागपूरले जहाज कुठं उतरलं गा, नाग नदीत? पण गरजवंताले अक्कल नसते, घेतला. घरी बसवला तं उजेड असा, की देवघरातली समई बरी. चौकशी केली तेव्हा कळलं की तो बारा व्होल्टचा आहे अन् आपली गाडी सहाची. परत नेला, तं तो भला माणूस चष्मा पुसत मलेच सांगते, बल्ब तो बढ़िया है, आपकी गाड़ी ही कमज़ोर है! माझी गाडी कमजोर! आजवर कोणाची छाती झाली नव्हती हे म्हणायची. मग दुसरीकडून हॉर्न आणला. तो वाजवला की दिवा विझे, अन् दिवा लावला की हॉर्न नुसता खाकरे. म्हणजे रात्री समोर म्हैस आली तं तिले पाहायचं की हाकलायचं, एकच काहीतरी ठरवा.

माझी ही परवड कोराडीले कळली, अन् एका रविवारी ओमप्रकाश स्वतः पाना-पक्कड घेऊन हजर. तुझी बहीण हरखली. म्हणे, बघा, आतापासूनच घरचं मानते! मीही म्हटलं, जो पोट्टा अख्ख्या विदर्भाले वीज पुरवते त्याले सहा व्होल्ट म्हणजे काय! त्यानं सीट काढली, बॅटरी पाहिली अन् हसला. म्हणे, बाबूजी, तुमच्या तारा उलट्या बसल्या आहेत. आता तुले ठाऊक असो वा नसो, इंग्रजानं ही गाडी बनवतानाच उलटी बनवली आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीचं वजा टोक सांगाड्याले जोडतात, हिच्यात अधिकचं. मी तोंड उघडलं तेवढ्यात तुझ्या बहिणीनं, गोपिकानं, मागून माझा सदरा ओढला. (होणाऱ्या जवायले पहिल्याच भेटीत चुकलास म्हणायचं नाही, ही तुमच्या घराण्याची रीत. मले मात्र तुझ्या वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की पोहे असे नाही खात.) पोट्ट्यानं टोकं बदलली. मग किक मारली, आतून चर्र झालं, धूर निघाला, अन् बॅटरी भरणाऱ्या डायनामोसंगं त्या दोघांच्या मधातला कटआउटही जळाला. ओमप्रकाशनं हात पुसले अन् गंभीरपणे म्हणाला, सामानच डुप्लिकेट असेल. वसंत, तो डायनामो सासऱ्यांनी दिलेला, अस्सल, साहेबाच्या हातचा! अन् मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, हाव, तसंच असेल.

पण खरी इज्जत गेली ती कंडेन्सरनं. मॅग्नेटोमध्ये ठिणगी सांभाळणारी बोटभर डबी असते ती. जुनी फुटली म्हणून महालातल्या रुपराव मेकॅनिकनं नवी टाकली अन् गाडी एका किकेत सुरू करून दाखवली. मले आनंद मावेना. म्हटलं, दिव्याचं मागून पाहू, आधी व्याह्यांले गाडीचा आवाज तं ऐकवू. भर दुपारी टोपी घालून कोराडीले निघालो. काय धावली म्हणून सांगू! देवाजींच्या क्वार्टरसमोर ऐटीत थांबवली अन् बंद केली. अख्खी कॉलनी बाहेर आली. देवाजी म्हणाले, आता दाखवा एका किकेत. मी किक मारली. मग पुन्हा मारली. मग कोट काढून मारली. विहीणबाई सरबत घेऊन आल्या, त्या सरबत कोमट होईस्तोवर हातात धरून उभ्या होत्या, पण मले पेला घ्यायची सवड नव्हती. शेवटी देवाजी गोड आवाजात म्हणाले, मधुकरराव, मले काही नाही, पण त्या दिवशी असं झालं तं पोट्टा पंगतीवरून उठेल, अन् तो उठला की आमचं वऱ्हाड उठेल. सांग आता! एका डबीपायी माझी पोट्टी मांडवात उभी राहणार काय?

परत कसा आलो ते विचारू नको. कोळसा रिकामा करून आलेल्या ट्रकवर गाडी चढवली अन् मी तिले धरून मागं उभा राहिलो. दारात उतरलो तं तुझी बहीण मले म्हणे, कोण पाहिजे? अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी, त्याच डबीवर, एका किकेत सुरू! शेजारचे आनंदराव दात घासता घासता विचारतात, काल ट्रकवर कायले आणली मग? रुपरावले जाऊन धरलं. म्हटलं, बैताडा, तुझी डबी थंड असली की चालते अन् गरम झाली की मरते! तं तो म्हणते, मग गरम होऊ देऊ नका ना भाऊ. एप्रिल महिन्यात! नागपुरात! मी तिथून निघालो नसतो तं आज हे पत्र जेलातून लिहिलं असतं.

म्हणून तुले साकडं घालतो. तुमच्या जबलपूरले लष्कराच्या लिलावातला जुना माल फिरते असं ऐकलं. डायनामो, कटआउट, सहा व्होल्टचा बल्ब अन् कंडेन्सर एवढं पाहून पाठव. खोकं पाहू नको, खोकं सगळ्यांचं असली असते. शिक्क्याले थुंकी लावून बोट घास. वजन हातात तोल, हलकं वाटलं तं तिथंच ठेव. अन् कंडेन्सर घरी नेऊन जयवंताले सांग, तव्यावर पोळी फुगते तेवढा गरम करू दे, अन् मग जाणत्या माणसाकडून तपासून घे. जयवंता नाक मुरडेल. तिले म्हण, भाचीचं लग्न आहे. तू मुलीचा मामा आहेस, तिले हात धरून बोहल्यावर तू आणणार आहेस; तिथं ती उभी राहील की नाही हे तुझ्या तव्यावर आहे.

जास्त काय लिहू? लेकरांले पापा. उन्हात फिरू नका, अन् फिरायचंच असेल तं पायी फिरा.

तुझा संतापलेला भाऊजी,
मधुकरराव

ता. क. तुझे वडील आल्यागेल्याले सांगतात की जवाईबापू तीन पंगती रुसून बसले होते. साफ खोटं. दोनच. तिसरीले मी जेवलो होतो.

ता. क. २. हे गोपिकाले न दाखवता लिहून राहिलो. वर कंडेन्सरचं जे लिहिलं ते खोड. दिवा, डायनामो, कटआउट मात्र असलीच पाठव, पोट्टी मागं बसणार आहे. पण कंडेन्सर मले रुपरावसारखाच पाहिजे, थंड असताना एका किकेत सुरू होणारा अन् दहा मैलांनी मरणारा. त्याचा मी हौसेनं मोडून पाहिला, आता तसा दुसरा त्याच्याकडं नाही. साक्षगंधाच्या दिवशी देवाजी सहज बोलून गेले, की आमच्या सुना दिवाळीले माहेरी जातात, मधातच येणंजाणं आमच्यात नाही. तारा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. भरलेले कप तसेच घेऊन आत गेली. मी तिथंही मानच हलवली. पण नवी गाडी मिळाली की जवाई बायकोले मागं बसवून बर्डीवर फिरवल्याशिवाय राहत नाही, अन् बर्डीवर आलेला माणूस सासऱ्याकडं टेकतेच. गाडी आमच्या दारात गरम होऊन बंद पडेल. मी म्हणीन, आता सकाळपर्यंत नाही निवत, राहा. तव्यावर गरम करून पाहिलेला असली पाठवशील, तं ते चहा पिऊन परत जातील.