पिना लावलेली पानं

तांबरम, चेन्नई

प्रिय अदिती,

किमोच्या चौथ्या फेरीनंतर तुला जेवण जातंय, असं आईने कळवलं. बरं वाटलं. इकडे तुझे मंदारभावोजी ओरगडमच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातायत, अवनीची सहामाही संपली. माझं मन मात्र कालपासून ठिकाणावर नाही. हे फोनवर बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला माझी सवय माहीत आहे. अवनीच्या हातात जाणारं प्रत्येक पुस्तक आधी मी वाचते. तू पुण्याहून निवडून पाठवायचीस, पहिल्या पानावर दोन ओळी खरडायचीस, आणि मी त्यातली आजारपणाची, मरणाची पानं स्टेपलरने बंद करायचे. पुस्तकाला टाके घालतेस, म्हणून तू हसायचीस. तेरा वर्षांच्या मुलीने काय वाचावं हे आपल्याला कळतं, असं मला खरंच वाटत होतं. डायरीत तारखेनिशी कारणंसुद्धा लिहिली आहेत.

तू आजारी पडल्यावर मीच पुस्तकं मागवून 'मावशीने पाठवली' म्हणून देत राहिले. केस येईपर्यंत तिला दिसायचं नाही, बोलायचंही नाही, ही तुझी अट मला सोयीची वाटली. आणखी एक पान बंद केलं, इतकंच.

काल कपाट आवरताना पाहिलं, तर पिनांच्या भोकांशेजारी दुसरी भोकं. तिने प्रत्येक पिन काढून, वाचून, पुन्हा नवी लावली होती. शेवटच्या पुस्तकात, नायिकेची आत्या वारते त्या पानावर, पेन्सिलने एक ओळ होती. अवनी देवनागरी वाचते, पण मराठी लिहिते ती शाळेत शिकलेल्या तमिळ अक्षरांत. बसच्या पाट्या वाचते तशी मी एकेक अक्षर लावलं: मावशी केली का. अर्थ लागेना. शेजारच्या महालक्ष्मीअक्का तंजावरच्या मराठी, त्यांना दाखवलं. त्यांनी मला आधी खुर्चीत बसवलं, मग सांगितलं की तमिळमध्ये 'क' आणि 'ग' ला एकच अक्षर असतं.

मावशी गेली का.

चार पुस्तकांवर तुझं अक्षर नाही, हे तिला कधीच दिसलं होतं.

ती शाळेतून आल्यावर मी सगळं सांगितलं. आजार, औषधं, डॉक्टर काय म्हणतात तेही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, हे पण निवडूनच सांगतेयस ना?"

म्हणून हे पत्र. माझा शब्द तिच्यापाशी चालेनासा झाला आहे आणि तो मीच घालवला. तुझी अट मोड, अदिती. पत्र मिळेल त्याच संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल कर, डोक्याला स्कार्फ न बांधता. सोबत ते पुस्तक पाठवते आहे, पिना काढून. तिच्या ओळीखाली तुझ्या अक्षरात उत्तर लिहून तिला परत पाठव. तू काय लिहिशील, ते या वेळी मी आधी वाचणार नाही.

तुझीच,
ऋजुताताई